कॅरियरवर बसायचं ते

माझी बायको गेल्यावर सगळ्यांनी माझ्याशी भांडणं बंद केली.

हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं ते बाबूमुळे. बाबू माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची होडी आहे आणि त्याचं तोंड फार वाईट आहे. शिवी न देता त्यानं मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही. बाराव्या-तेराव्याचं आटपल्यावर मी बंदरावर गेलो, तर हातातलं जाळं बाजूला ठेवून तो उठला आणि म्हणाला, "बस, गुणाजी. च्या घेतलंस?"

नुसतं गुणाजी. मी मुद्दाम त्याच्या होडीकडे बघून म्हटलं, "ह्यो काय रंग काडलंस रे? बेडूक दिसता."

"होय," तो म्हणाला. "जरा जास्तच हिरवो झालो."

मला धक्काच बसला. बाबूनं उभ्या जन्मात माझं म्हणणं कबूल केलेलं नव्हतं.

मग बघतो तर सगळीकडे तेच. वाण्याच्या तांदळाला मी नावं ठेवली, तर त्यानं गुपचूप दुसरं पोतं उघडलं. आमचं एकुलतं पोर रूपाली पुण्याला नोकरीला आहे. फोनवर ते पूर्वी माझ्यावर करवादायचं. आता "बाबा, जेवलात?" एवढंच विचारायचं. मी "जेवलो" म्हटलं की दोघंही गप्प.

आमच्या घरात भांडण कधी थांबलेलं नव्हतं. भांडण म्हणजे राग नव्हे. मी बर्फाच्या कारखान्यात कामाला होतो, आणि आमचं ते, म्हणजे बायको, बंदरावर मासे घेऊन बाजारात विकायचं. सकाळी त्याला सायकलवर मागे बसवून न्यायचो. तिथपासून जे सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत. बांगड्याच्या सारात सोलं, म्हणजे आमसुलं, किती घालायची. देवळात कुणी चुकीचं गाऱ्हाणं घातलं. सिनेमातला हिरो हिरोइनीला सायकलवर बसवून चढावरून गाणं म्हणत जातो हे मला पटायचं नाही. दम लागणार नाही काय? आमचं ते म्हणायचं, "तुमका लागता. तो जवान आसा."

आजारपणातही हे चालू होतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात शेवटी शेवटी बोलणं बंद झालं, तरी मी काही चुकीचं बोललो की हात हलवून नाही म्हणायचं.

नंतर घरात मी काहीही बोललो तरी नाही म्हणणारं कुणी राहिलं नाही.

हे दोन हजार आठ सालचं. देवगडला स्टँडजवळ किशोरीचं दुकान आहे. झेरॉक्स, फोन, आणि आत पडद्यामागे कंप्युटर. किशोरी आमच्या वाडीतल्या गणपतची सून. रूपालीनं तिला फोन करून सांगितलं की बाबांना जरा बसवत जा, घरात एकटे असतात. मी आधी नाही म्हटलं. मग एकदा गेलो. किशोरीनं 'ओसरी' नावाची एक जागा उघडून दिली. तिथं मराठी माणसं एकमेकांशी बोलतात. म्हणजे भांडतात. सायकलवर वेगळं भांडण, देवधर्मावर वेगळं, सिनेमावर वेगळं, आणि रोजच्या खाण्यापिण्यावर वेगळं.

"तुमका नाव व्हया," किशोरी म्हणाली. "खरा नाव कोण घालणत नाय हयसर."

"मगे?"

"बर्फवाला घालूया?"

अशा तऱ्हेनं मी बर्फवाला झालो.

पहिल्याच दिवशी सायकलच्या पानावर 'हवाभर' नावाच्या माणसानं लिहिलेलं मी वाचलं. तो पुण्याचा. त्यानं लिहिलं होतं, चढ आला की जो खाली उतरतो, तो सायकलस्वार नव्हे, सायकलचा गडी. माझ्या डोक्यात गेलं. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायला मला फार वेळ लागायचा, पण मी लिहिलं, "तुमच्या मागे कधी माशांची भरलेली पाटी बांधली आहे काय?"

तेवढ्यात त्याचं उत्तर आलं. "पाटी न्यायची तर टेम्पो करा. सायकलला कशाला छळता?"

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्यावर उलटून बोललं होतं. घरी जाताना मी वाटेत त्याला काय काय ऐकवायचं ते ठरवत गेलो, आणि घरी पोचेपर्यंत घर रिकामं आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

मग मी रोज जायला लागलो. हवाभरशी माझं कशावरही वाजायचं. तो देव न मानणारा. "देवाला सगळं कळतं म्हणता, मग गाऱ्हाणं घालून ओरडून सांगता कशाला?" असं त्यानं विचारलं. मी लिहिलं, "तुम्हाला भूक लागली हे तुमच्या आईला कळत नव्हतं काय? तरी तुम्ही रडलाच." तो म्हणाला, "मी तेव्हा तान्हा होतो. तुमचं वय काय?"

'मीठभाकर' नावाच्या एक बाई होत्या, साताऱ्याकडच्या. बांगड्याच्या कालवणात टोमॅटो घालतात असं त्यांनी लिहिलं. किशोरीनं ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. त्या टोमॅटोवर मी आठवडाभर भांडलो. बाई हटल्या नाहीत. "तुमच्या समुद्रात मासे असतील, पण आमच्या हातात चव आहे," म्हणाल्या.

बायको गेल्याचं मी तिथं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतो. सांगितलं असतं तर तेही बाबूसारखे झाले असते. बर्फवाल्याशी कुणी जपून बोलत नव्हतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

लिहिताना मी भाषेची मात्र काळजी घ्यायचो. किशोरीनं आधीच बजावलं होतं, "काका, मालवणी लिवू नकात. तेंका समजाचा नाय. तुमी हापिसात बोलतास तसा लिवा."

एक दिवस हवाभरनं मला पकडलं. "बर्फवाले, सायकलवर एवढी भाषणं देता. शेवटची सायकल कधी चालवलीत ते सांगा."

मी हात काढून घेतले. सायकल पडवीत उभी होती. बायको गेल्यापासून मी तिला हात लावलेला नव्हता. खोटं लिहिता आलं असतं. पण खोटं लिहून जिंकलो असतो तर त्यात काय होतं? आणि उत्तर दिलं नाही तर हरलो असतो. मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि खरं ते लिहिलं.

आधी मनात मालवणीत म्हटलं, मग एकेक वाक्य सोवळं करून लिहिलं. 'ता बसायचा', म्हणजे 'ते बसायचं', असं लिहिलं तर पुण्याच्या माणसाला तो बाप्या वाटेल, एवढं मला माहीत होतं. कोल्हापूरला मी नर्सबाईंना "ता काय जेवला नाय" म्हटलं, तेव्हा त्यांनी "कोण, मुलगा का?" असं विचारलं होतं. म्हणून मी सगळीकडे 'बसायचा'चं 'बसायचं' केलं. नाव लिहिलं नाही. आम्ही दोघांनी एकमेकांची नावं कधी घेतली नाहीत, ते चार परक्या माणसांत लिहायला माझा हात उठला नाही.

मी लिहिलं ते असं:

"मी जन्मभर सायकल चालवली. आमच्या घरातलं एक माझ्या मागे कॅरियरवर बसायचं. चढ आला की आपण होऊन उतरायचं, बाजूनं चालायचं, आणि उतार लागला की पुन्हा उडी मारून बसायचं. वाटेत ओळखीचं कुणी दिसलं तर मधेच उतरून धावत जायचं. परकं माणूस दारात आलं की आधी त्याच्यावर ओरडायचं. मासे आणले की तोंडाजवळ नेऊन वास घ्यायचं, शिळे असले तर बाजूला सारायचं. मला यायला उशीर झाला तर दारात बसून राहायचं, माझ्याआधी कधी जेवलं नाही. पावसाच्या तोंडावर आजारी पडलं. कोल्हापूरला नेलं, डॉक्टरांनी पुष्कळ केलं. गेलं. तेव्हापासून सायकल पडवीत आहे. चढाला उतरणारं कुणी नसेल तर मी ती कशासाठी बाहेर काढू?"

किशोरी माझ्या खांद्यामागून वाचत होती. तिनं पदरानं डोळे पुसले. "काका, बरा लिवलास," ती म्हणाली. "काकीच माज्या डोळ्यांसमोर इला."

दुसऱ्या दिवशी मी घाबरत गेलो. आता सगळे मऊ झाले असणार असं मला वाटत होतं.

पहिलं उत्तर मीठभाकरबाईंचं. "वाचून रडू आलं. किती गुणी होतं हो! मासे आणल्यावर वास घ्यायचं, ते तर अगदी डोळ्यांसमोर उभं राहिलं."

बरं वाटलं. टोमॅटो घालत असल्या तरी बाई चांगल्या होत्या.

त्याखाली 'उंडगा' नावाचा एकजण. त्यानं एकच ओळ लिहिली होती. "कुठल्या जातीचं होतं?"

मी किशोरीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे.

"ह्या इचारूचा असता?" ती म्हणाली. "मेलेल्या माणसाची जात?"

माझे कान तापले. आमचं ते तळेऱ्याकडचं, शेतकऱ्यांच्या घरातलं. आम्ही मासे धरणारे. लग्न झालं तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी हाच प्रश्न विचारून आम्हाला हैराण केलं होतं. त्याचे भाऊ कित्येक वर्षं आमची पायरी चढले नाहीत. शेतातलं पोर, माशाची पाटी डोक्यावर कशी घ्यायची हे इथं येऊन शिकलं, आणि बंदरावरच्या जुन्या बायकांना ऐकेनासं झालं. आणि आता ते गेल्यावर हा पुण्या-मुंबईचा शिकलेला माणूस पुन्हा तेच विचारत होता.

मी लिहिलं, "विचारायला लाज वाटली पाहिजे. आमच्याकडे आणलं तेव्हाही लोकांनी आधी हेच विचारलं. मी तेव्हा कुणाला उत्तर दिलं नाही, तुम्हालाही देणार नाही."

उंडगा तिथंच बसलेला असावा. लगेच लिहिलं, "अहो, रागावता कशाला? गावठी असलं तर त्यात लाज कसली? उलट गावठीच जास्त जीव लावतात. आमच्याकडचं विकत आणलेलं आहे, नुसतं खातं आणि झोपतं."

किशोरीनं तोंडावर हात ठेवला. "बायल विकत घेतल्यान?"

"आणि लिवता पण," मी म्हटलं.

"पोलिसांत देवक् व्हयो ह्येका."

आम्ही दोघांनी ती ओळ पुन्हा वाचली. बाहेर कुणी झेरॉक्सला आलं होतं, ते हाका मारून निघून गेलं. एवढ्यात हवाभरचं उत्तर आलं. मला वाटलं, हा भांडखोर आहे पण सरळ आहे, हा त्या उंडग्याला चांगला सोलून काढील.

हवाभरनं लिहिलं होतं, "बर्फवालेकाका, फार वाईट वाटलं. मी यातून गेलोय. पण माझं ऐका, जास्त दिवस थांबू नका. दुसरं आणा. अगदी लहान असतानाच आणा, म्हणजे लळा लागतो. मोठं झालेलं आणलं तर ते तुमचं होत नाही. हवं तर मी बघतो. माझ्या ओळखीत एकांकडे आत्ताच झालीत, चार-पाच आहेत, ते चांगलं घर बघून फुकट देतात."

मी उठलो. किशोरी काहीतरी म्हणत होती, ते मला ऐकू आलं नाही. मी सरळ बंदरावर गेलो.

बाबू होडीत बसून इंजिन पुसत होता. मी त्याला सगळं सांगितलं. जात विचारली ते सांगितलं, विकत आणलेली सांगितली, आणि शेवटी लहान असतानाच दुसरं आणायला सांगितलं ते सांगितलं.

बाबूच्या हातातलं फडकं पाण्यात पडलं.

"आवशीचो घोव!" तो म्हणाला. "ल्हान असतानाच? असा म्हणालो तो?"

"असा लिवल्यान."

"आनी फुकट?"

"फुकट. चांगला घर बगून."

मग बाबूनं जे तोंड सोडलं ते मी इथं लिहू शकत नाही. कितीतरी दिवसांनी ते ऐकलं. पण ते माझ्यासाठी नव्हतं. "तेचो पत्तो काड," तो म्हणाला. "आपण दोगांव पुण्याक जावया. होडी माजो खलाशी सत्यवान बगीत. बगूया तरी कसलो माणूस आसा तो." मी म्हटलं, पत्ता कुणाचाच नसतो तिथं, खरं नावसुद्धा नसतं. बाबू म्हणाला, "मगे अशा माणसांत तू गेलंस कित्याक, मेल्या?"

मेल्या म्हणाला. पण लगेच माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्याचा प्रश्न बरोबर होता. अशा माणसांत मी कशाला गेलो? मी ठरवलं, एकदा जाऊन या लोकांना काय ते ऐकवायचं आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढायची नाही. मग पुन्हा घर आणि "जेवलात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. किशोरीनं उघडून दिलं आणि माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसली. "मीव सांगतंय काय लिवूचा ता," म्हणाली. ती माझ्याहून तापलेली होती.

मीठभाकरबाईंनी आणखी काहीतरी लिहिलेलं होतं. म्हटलं, आधी हे वाचू, मग सुरुवात करू. "काका, मनाला लावून घेऊ नका. निदान त्याचं एखादं पिल्लू तरी आहे ना तुमच्याजवळ?"

"बाई तेवडी बरी आसा," किशोरी म्हणाली. "पोरांची चौकशी करता."

शहरातल्या बायका पोरांना पिल्लू म्हणतात हे मी रूपालीच्या मैत्रिणींकडून ऐकलेलं होतं. या एका बाईला नीट उत्तर द्यावं म्हणून मी लिहिलं, "एक आहे. माझ्याजवळ नसतं. पुण्याला असतं, बँकेत नोकरी करतं."

पाठवलं. मग हवाभरला काय लिहायचं ते मी जुळवायला लागलो.

पण समोर काहीच येईना. एरवी कुणी ना कुणी काहीतरी लिहीतच असायचं. किशोरीनं पान पुन्हा उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. तेव्हा हवाभरची ओळ आली.

"बर्फवाले, तुम्ही कोणाबद्दल लिहिताय?"

मला इतका राग आला की माझी बोटं चुकीच्या अक्षरांवर पडायला लागली. किशोरीनं माझे हात बाजूला सारले आणि स्वतः लिहिलं, "यांच्या बायकोबद्दल. तुम्हाला काय वाटलं?"

मग एक शब्द आला.

"कुत्रं."

किशोरीनं पान वर सरकवून माझा मजकूर शोधला, आणि आम्ही दोघांनी तो पहिल्यापासून वाचला. कॅरियरवर बसायचं. उडी मारून बसायचं. परकं माणूस आलं की ओरडायचं. माशांचा वास घ्यायचं. दारात बसून राहायचं. एकेक वाक्य कुत्र्याचं होतं. मी लिहिलं होतं, मी डोळ्यांनी बघितलेलं लिहिलं होतं, आणि त्यात एक शब्द असा नव्हता की ज्यावरून ते माणूस आहे हे कळावं.

ज्यांना बाबू पुण्याला जाऊन मारणार होता त्या माणसांनी वाईट काहीच लिहिलेलं नव्हतं. उंडगा बिचारा कुत्र्याची जात विचारत होता.

"म्हणान विकत घेतलेला," किशोरी हळूच म्हणाली. तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. हसू होतं. तिनं पदर तोंडात कोंबला आणि "काका, माफ करा, काका" म्हणत बाहेर गेली. मला हसू आलं नाही.

मग माफीनाम्यांची रांग लागली. कधीही न लिहिणारी माणसं आली. काका, क्षमा करा. काका, काळजी घ्या. काका, वेळेवर जेवत जा. उंडग्यानं 'हात जोडतो' एवढंच लिहिलं. हवाभरनं लिहिलं, "मी एका माणसाला त्याच्या बायकोबद्दल काय लिहिलं ते आठवून मला घास गेला नाही. यापुढे मी तुमच्याशी वाद घालणार नाही. सायकल काय, देव काय, तुम्ही म्हणाल ते बरोबर."

मला बाबूची हिरवी होडी आठवली. संपलं, म्हटलं. इथंही संपलं.

त्या दिवशी तसाच घरी गेलो. दुसऱ्या दिवशी जाणार नव्हतो, पण किशोरीनं सासऱ्याकडून निरोप पाठवला की येऊन बघा, काहीतरी केलंय त्यांनी.

ओसरीची देखरेख करणारे एक गृहस्थ होते, ओसरीकर म्हणून. त्यांनी माझा मजकूर आपण होऊन दुरुस्त केला होता. खाली लिहिलं होतं, गैरसमज होऊ नये म्हणून व्याकरण सुधारलं आहे, काकांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

मी वाचायला लागलो. "माझी पत्नी माझ्या मागे कॅरियरवर बसायची. चढ आला की ती उतरायची, बाजूनं चालायची."

मला कळेना. ही कोण बाई? माझ्या सायकलवर कुणीतरी परकी बाई बसली होती. नीट इस्त्रीची साडी नेसलेली, हातात पर्स घेतलेली. ती बाजूनं चालायची, तर मला तिच्याशी बोलायला संकोच वाटला असता. ती माशांचा वास घ्यायची, हे तर खोटंच वाटत होतं. काल मला कुत्रं वाचल्याचा धक्का बसला होता. हा त्याहून मोठा होता. कुत्र्यात निदान आमचं ते दिसत तरी होतं.

मी लिहिलं, "माझं होतं तसं परत करा."

ओसरीकर म्हणाले, "काका, लोक पुन्हा तसंच समजतील."

"समजू द्या. ही बाई मी ओळखत नाही."

मग मी त्यांना समजावलं. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरातल्या बाईला ती म्हणतात. बँकेतल्या बाई ती. डॉक्टरीणबाई ती. किशोरीलाही मी ती म्हणतो, कारण परक्याची सून आहे. आपल्या घरातलं बाईमाणूस, आपल्यासमोर लहानाचं मोठं झालेलं किंवा लग्न होऊन आलेलं, ज्याच्यावर आपण ओरडू शकतो आणि जे आपल्यावर ओरडू शकतं, त्याला 'ता' म्हणतात. लग्नानंतर आमच्या आईनं मला सांगितलं होतं, आता बायकोला चारचौघांत ती म्हण. मी म्हटलं, मी नाही म्हणणार.

सगळ्यांनी लिहिलं, किती सुंदर, काका. डोळे उघडले, काका. हवाभरनं लिहिलं, तुम्ही म्हणाल ते बरोबर.

फक्त मीठभाकरबाईंनी लिहिलं, "मला नाही पटत."

किशोरी खुर्चीत सरळ झाली.

"काका दुःखात आहेत, मला कळतं," बाईंनी लिहिलं होतं. "पण बाईला ते म्हणायचं हे मला नाही पटत. ते लाकूड, ते भांडं, ते कुत्रं, आणि ते बायको? आम्ही सगळे चुकलो यात चूक आमची नाही, त्या बोलण्याची आहे."

बाईंवर सगळे तुटून पडले. वेळ काय, बोलता काय. ओसरीकरांनी तंबी दिली. मी घाईघाईनं लिहिलं, "त्यांना कुणी गप्प करू नका. बाई, बोला."

"तुमची बायको तुम्हाला काय म्हणायची?" बाईंनी विचारलं.

"ओ म्हणायचं. आयकलात काय, म्हणायचं. रागावलं की म्हणायचं, ह्या माणसाक काय कळणत नाय."

"म्हणजे तुम्ही माणूस, आणि ती ते?"

किशोरी म्हणाली, "बरोब्बर इचारल्यान बाईन."

"तू गप बस."

"कित्याक गप? माजो घोवसुदा माका ता म्हणता. माका कोणी इचारूक नाय."

माझं डोकं फिरलं. एक साताऱ्याहून बोलते आणि एक शेजारी बसून. मी लिहायला सुरुवात केली. बाई, तुम्हाला काहीच माहीत नाही, असं लिहिलं. आमचं ते बंदरावर उभं राहिलं की बाप्ये बाजूला सरकायचे, ते काय लाकूड होतं? एकदा लिलावात बोली लावताना एका व्यापाऱ्यानं त्याला 'ओ ताई' म्हटलं, तर आमच्या त्यानं त्याला असं काही सुनावलं की तो पुन्हा त्या बाजूला दिसला नाही. ताई म्हणालास म्हणजे परकी केलीस, असं म्हणालं. हे कोण म्हणालं? मी नाही म्हणालो. सायकलवरून चढाला उतरायचं ते मला दम लागतो म्हणून नव्हे, तर मी हळू चालवतो म्हणून, चालत आपण लवकर पोचतो हे दाखवायला. आणि वर पोचून मला सांगायचं, बघा, मी आधी पोचलंय. मी आठवेल ते लिहीत गेलो. एवढं मी त्याच्याबद्दल कुणाजवळ बोललो नव्हतो, रूपालीजवळही नाही. लिहिताना अक्षरं चुकत होती, काही शब्द मालवणीतच उमटले, ते मी तसेच ठेवले.

पाठवलं. घाम आला होता.

बाईंचं उत्तर आलं. "छान लिहिलंत. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठे आहे?"

"दुकान बंद करतंय," किशोरी म्हणाली. "जेवचो वेळ झालो, काका."

"थांब जरा."

"जेवक् जाऊचा नाय तुमका?"

"थांब म्हणतंय मा गो!"

कंप्युटरवर एक नवीन ओळ आली होती. हवाभरची. "मी वाद घालणार नाही म्हटलं होतं. पण राहवत नाही. बर्फवाले, बाई बरोबर आहेत. तुमचं चुकतंय. आणि चढाबद्दल काकू बरोबर होत्या, तुम्ही हळूच चालवत असणार."

मी खुर्ची पुढे ओढली.